बंद पडलेला संगणक

बटण दाबले, पण दिवा लागला नाही, पंखाही फिरला नाही. अशा वेळी मदरबोर्ड जळाला असे समजून तो भंगारात टाकण्याची घाई करू नका. आधी वीज कुठपर्यंत पोहोचते ते पाहा. सॉकेटमध्ये वीज आहे ना? वायर ढिली नाही ना? पुष्कळदा दोष एवढ्यावरच सापडतो.

संगणकात पॉवर सप्लाय नावाचा पत्र्याचा डबा असतो. तो घरातल्या २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. संगणक बंद असतानाही त्याच्या जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट असतात. शिक्षकांच्या मदतीने मल्टिमीटर लावून पाहा. मदरबोर्डची जोडणी काढल्यावरही काहीच मिळाले नाही, तर दोष डब्यात आहे. जोडणी करताच ५ व्होल्ट नाहीसे झाले, तर बहुधा मदरबोर्डवर शॉर्टसर्किट आहे. डबा मात्र कधीही उघडू नका! प्लग काढल्यानंतरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

आता प्लग काढून मदरबोर्ड नीट न्याहाळा. प्रोसेसरजवळ छोट्या नळकांड्या उभ्या दिसतील. हे कपॅसिटर. रांजणात पाणी साठवावे तशी ते वीज साठवतात आणि प्रोसेसरला एकसारखी पुरवतात. त्यांचे डोके सपाट हवे. ते फुगले असेल किंवा तपकिरी द्रव गळला असेल, तर तो कपॅसिटर निकामी झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे असंख्य मदरबोर्ड बंद पडले होते. कुशल कारागीर तो काढून नवा डाख देऊन बसवतो. नव्याचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात. पट्टी असलेली बाजू ऋण असते. उलटा बसवला तर तो फुटतो.