राबतात पाय, लाभ हातालाही

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आखाड्यात घाम गाळणाऱ्या मुलाचे दंड, मांड्या भरलेल्या दिसतात. रक्तवाहिन्यांची तयारी मात्र दिसत नाही.

धमनीला आतून पेशींचा एकच थर असतो. रक्त वेगाने वाहू लागले की त्याचे घर्षण या थराला जाणवते. मग तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि धमनी सैलावते, रुंदावते. (या वायूच्या कामाचा उलगडा करणाऱ्यांना १९९८ चे नोबेल मिळाले.) तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब यांचा पहिला मार याच थरावर बसतो.

गंमत पुढेच आहे. एका हाताने चेंडू दाबण्याचा व्यायाम केला, तर सुधारणा बहुधा त्याच हातापुरती राहते. पण काही आठवडे नेमाने सायकल चालवणाऱ्यांच्या हाताच्या धमन्याही सुधारतात; हात तर नुसते हँडलवर! मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागले की हृदय जोराने रक्त ढकलते आणि तो वेग हातालाही मिळतो.

आखाड्यातल्या पोराला हे आपसूक मिळते. अडचण आहे ती त्याच्या विडी ओढणाऱ्या काकाची. अकोल्याच्या बाजारात शे-दोनशे पावले टाकली की त्यांची पोटरी आवळते, थांबले की सुटते. घरचे म्हणतात, ‘काका, बसून राहा.’ नेमका हाच सल्ला घातक. हे दुखणे बहुधा पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे असते. डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावे, विडी सोडावी, औषधे घ्यावीत आणि चालावे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, ओसरले की पुन्हा चालायचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. गुडघ्यांमुळे चालणे जमत नसेल, तर हाताने फिरवायच्या सायकलनेही चालण्याचे अंतर वाढते.

मात्र पाय बसल्याजागीही दुखत असेल, बोट काळवंडले असेल किंवा जखम भरत नसेल, तर चालण्याचा प्रयोग नको. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हे चालणे उजाडताच उरकावे.