वजनकाट्याची अपुरी साक्ष

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटण्याच्या सुमारास एक्सलो पॉइंटच्या चौकात उभे राहून कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींकडे कोणी निरखून पाहील, तर ज्याला आपण बोलीत ‘जाडा’ म्हणतो असा इसम त्याला त्या गर्दीत शोधावाच लागेल. परंतु हातपाय काटकुळे, चेहरा ओढलेला, खांदे अरुंद आणि सदऱ्याच्या खालच्या गुंड्यांपाशी मात्र कापड ताणलेले, अशा बांध्याचे चाळिशीतले गृहस्थ त्याला पावलोपावली भेटतील. यांना कोणी स्थूल म्हणत नाही. ‘जरा पोट सुटलंय, बाकी तब्येत ठणठणीत,’ असे ते स्वतः सांगतात आणि वार्षिक तपासणीत काट्यावर चढून, ६४ किलोचा आकडा ऐकून, समाधानाने खाली उतरतात. अतिरिक्त वजन म्हणजे नेमके काय, ते कशाने मोजावे आणि त्याचा अपाय कोणत्या वाटेने देहात शिरतो, या प्रश्नांची चर्चा बहुधा भल्या थोरल्या देहांची चित्रे छापून केली जाते. आपल्या मुलखात मात्र ती या ६४ किलोच्या गृहस्थांपासून सुरू करणे अधिक सयुक्तिक होय.

विजारीच्या मापावर भिस्त ठेवणाऱ्यांची तर निराळीच गंमत असते. पोट पुढे येऊ लागले की कमरेचा पट्टा त्यावर चढण्याचा खटाटोप करीत नाही, तो मुकाट्याने त्याच्या खाली उतरतो. आणि मग लग्नाच्या वेळचे ३२ इंची माप पन्नाशीतही कायम असल्याचा दाखला गृहस्थ मोठ्या अभिमानाने देतात. माप खरे असते, फक्त ते पोटाचे नसते. जुन्या वळणाच्या शिंप्याला हे गुपित पक्के ठाऊक असते. पण गिऱ्हाइकाची मर्जी राखणे हा त्याच्या धंद्याचा भाग असल्याने तो पट्ट्याच्या रेषेवर फीत धरतो आणि काही बोलत नाही.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची जी रीत आज प्रत्येक दवाखान्यात रूढ झाली आहे, तिचा जनक वैद्य नव्हता. बेल्जियममधील ज्योतिर्विद आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले हा १८३० नंतरच्या दशकात ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो याची मोजदाद करीत असताना, प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याच्या ध्यानात आले. स्थूलतेची चिकित्सा हा त्याचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ असे नाव दिले आणि तेव्हापासून बीएमआयचा अंमल जगभर सुरू झाला. मोठ्या लोकसमूहाची पाहणी करावयाची असेल तर हे साधन स्वस्त आणि सोयीचे आहे, यात संशय नाही. परंतु एकेका व्यक्तीचा निवाडा त्यावर सोपवला की काय होते? रेल्वे स्थानकांवरची ती रंगीत दिव्यांची यंत्रे पूर्वी नाणे टाकताच तिकिटावर वजनाच्या जोडीने भविष्यही छापून देत, तसाच काहीसा प्रकार होतो: वजन खरे, भविष्य मोघम. काटा स्नायू, हाड, पाणी आणि मेद यांची एकच बेरीज सांगतो; त्या बेरजेत कोणाचा वाटा किती, हे तो सांगू शकत नाही.

ही मर्यादा जगापुढे सर्वांत चटकदार रीतीने मांडली गेली ती पुण्यातून. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात परस्परांचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३, म्हणजे रूढ तक्त्याप्रमाणे दोघेही निर्दोष; परंतु क्ष-किरणांच्या विशेष पद्धतीने देहातील मेद मोजला तेव्हा युडकिनांच्या अंगी तो ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाला. आडनावांच्या आद्याक्षरांवरून या प्रकाराला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले. संशोधकाने स्वतःच्याच देहाचा पंचनामा करून तो भर बाजारात टांगावा, हा दिलदारपणा मला त्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

याज्ञिकांची दुसरी कामगिरी याहून खोल आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची जी दीर्घ पाहणी चालवली, तीत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली मुले लहानखुरी जन्मतात, हे काही नवे नव्हते. नवे होते ते पुढचे: या खेड्यांतील बाळांचे दंड बारीक, पोटातील अवयव लहान, स्नायू तुटपुंजे, आणि तरीही खवाट्याखालची कातडीची चुणी चिमटीत धरून मोजली तर ती त्या मानाने जाड. म्हणजे गर्भातील टंचाईत देहाने स्नायूंच्या खर्चात काटछाट केली आणि मेदाची शिल्लक मात्र राखून ठेवली. या बांध्याला त्यांनी ‘कृश-स्थूल’ अशा अर्थाचे नाव दिले. आईच्या पोटातील कुपोषण आणि प्रौढपणीचा मधुमेह यांची सांगड घालणारा हा विचार इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी आधीच मांडलेला होता. त्याला महाराष्ट्राच्या खेड्यांतून असा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. एक्सलो पॉइंटच्या चौकातील गृहस्थांच्या पोटाची कैफियत अशा रीतीने कदाचित त्यांच्या आजीच्या रिकाम्या ताटापर्यंत मागे जाते, आणि ‘खादाडपणाचे फळ’ असा ठपका ठेवून मोकळे होणाऱ्यांनी निदान एवढा मुलाहिजा तरी राखावा.

सर्व मेद सारखा नसतो. मांड्या, नितंब, दंड येथे त्वचेखाली साठणारा मेद बराचसा निरुपद्रवी, कित्येकदा उपकारकही असतो. परंतु त्वचेखालची ही कोठारे अपुरी पडली की उरलेला साठा आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसतो. आतड्यांभोवतीच्या मेदातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनचा हुकूम पूर्वीसारखा मानीनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून काही वर्षे किल्ला लढवते आणि मग थकते. मधुमेह, रक्तदाब, रक्तातील वाढलेली मेदद्रव्ये, यकृताचा मेदविकार आणि त्यांमागून हृद्रोग, ही सगळी मंडळी याच एका दरवाजाने आत येतात. निव्वळ भाराचे दुष्परिणाम निराळे: चालताना दर पावलाला गुडघ्यावर पडणारा बोजा वाढलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे चार किलोंनी वाढतो, आणि मानेभोवती मेद साचला की झोपेत श्वासमार्ग वरचेवर मिटतो, त्यामुळे रात्रभर घोरणारा माणूस दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी किंवा गाडी चालवताना पेंगतो. यातील शेवटची गोष्ट घरची मंडळी थट्टेवारी नेतात; वास्तविक ती डॉक्टरांच्या कानावर घालण्याजोगी आहे.

आता मोजमापाकडे वळू. युरोपीय तक्त्यात बीएमआय २५ च्या वर गेला म्हणजे वजन अधिक आणि ३० च्या वर गेला म्हणजे स्थूलता. परंतु आपल्या देहात मेदाचे प्रमाण आधीच जास्त आणि रोग लवकर गाठत असल्याने, भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने या मर्यादा अनुक्रमे २३ आणि २५ अशा खाली आणल्या. उंची १६५ सेंटिमीटर धरली तर जुन्या हिशेबाने ६८ किलोंपर्यंत माणूस निर्धास्त, नव्या हिशेबाने मात्र साडेबासष्ट किलोंच्या आसपासच त्याला पहिली समज मिळते. आपले ६४ किलोंचे गृहस्थ, काट्यावरून हसत उतरलेले, त्यांचा निकाल असा एका तक्त्यात एक आणि दुसऱ्या तक्त्यात दुसरा लागतो.

म्हणून फीत हवी. बरगडीचा सर्वांत खालचा काठ आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून, त्या दोहोंच्या मधोमध, उघड्या अंगावर, फीत जमिनीला समांतर धरून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर जे माप येईल ते खरे. पोट आत ओढणे हा स्वतःलाच दिलेला खोटा दाखला होय. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मुक्रर झाली आहे. याहूनही सोपी कसोटी अशी की, घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंचीइतकी सुतळी दुहेरी करून कमरेभोवती पुरत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

स्त्रियांचा प्रश्न मी येथवर लांबवला, याबद्दल एखादी वाचक मला जाब विचारील तर ते रास्तच ठरेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आढळला, तर बीएमआय २५ व त्याहून अधिक असलेल्या स्त्रिया २४ टक्केच होत्या. या दोन आकड्यांमधील अंतरात ज्या बायका उभ्या आहेत त्यांना काटा काहीच सांगत नाही, आणि घरात ‘बाळंतपणानंतर सुटतंच’ असे म्हणून विषय मिटवला जातो. सिडकोच्या घरांतून कारखान्यातील भावाचा, नवऱ्याचा डबा पहाटे भरून देणाऱ्या बाईची वार्षिक तपासणी कोणत्या दफ्तरी नोंदली जाते?

या व्याधीचे निदान आधुनिक काळाने केले, असे मानण्याचे मात्र कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय आठ निंद्य देहांचे वर्णन करतो आणि त्यांतही अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने करतो. आयुष्याचा ऱ्हास, गतीला पडणारा अडथळा, दुर्बलता, अतिरिक्त घाम, आवरत नाही अशी भूक आणि तहान, ही लक्षणे तेथे नोंदलेली आहेत. आणि दोहोंपैकी कृशता बरी, कारण स्थौल्याची चिकित्सा अधिक बिकट, असा चिकित्सकाचा थकलेला अभिप्रायही आहे. जो बांधा एकाच वेळी कृशही आहे आणि स्थूलही, तो मात्र त्या वर्गवारीत कोठे बसवावा, असा प्रश्न पडतो.

अंबडपुरते बोलायचे तर मिसळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई मला मान्य नाही. उसळीत निदान कडधान्य तरी असते. पाव, फरसाण आणि वरची तर्री यांचा हिशेब वेगळा मांडावा. अधिक लक्ष द्यावे ते रात्रपाळीकडे. मध्यरात्रीनंतर देहाची साखर पचवण्याची शक्ती दिवसाच्या मानाने मंदावलेली असते, नेमक्या त्याच वेळी डोळे उघडे ठेवण्यासाठी गोड चहा, बिस्किटे, गरम भजी पोटात जातात. सकाळी घरी येऊन झोप अर्धवट होते, अपुऱ्या झोपेने भूक चाळवते, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की सारे चक्र नव्याने फिरते. पूर्वी खांद्यावरून होणारी पुष्कळ कामे आता यंत्रे करतात, हेही खरे. सुट्टीच्या दिवशी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणारी काही मंडळी दिसतात, त्यांना नमस्कार. पण आठवड्यातील सहा दिवसांचे बैठे काम एका चढणीने फिटत नाही.

२०२५ पासून भूक कमी करणारी आणि वजन झपाट्याने उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या बाजारात आली असून त्यांविषयीची उत्कंठा समजण्याजोगी आहे. ज्यांची स्थूलता रोगाच्या पायरीवर पोहोचली आहे अशांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती उपकारक ठरतात. आपल्या ६४ किलोंच्या गृहस्थांना मात्र चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी अधिक जवळची वाटावी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षे चाललेल्या त्या प्रयोगात, ज्यांना रोज अर्धा तास चालणे आणि साखर, तूप-तेल, मैद्याचे पदार्थ आवरणे एवढेच सांगितले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी घटले. आणि या तीन वर्षांत त्यांच्या वजनात मात्र म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती.