घरी बिअर बनवताय? दुकानदाराला हे ३ प्रश्न विचारा

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे, विक्रीला मनाई. माल्ट, हॉप्स, यीस्ट ऑनलाइनही मिळते. तरी अनेक जण होमब्रू दुकानात जातात, ते सल्ल्यासाठी. पण समोरचा कर्मचारी जाणकार आहे हे कसे ओळखाल?

१. यीस्ट कुठे ठेवता?
द्रव यीस्ट फ्रीजमध्येच हवे. जाणकार कर्मचारी पाकिटावरची तारीख स्वतःहून दाखवतो.

२. नवशिक्याने कोणती बिअर करावी?
थेट महागडे किट पुढे केले तर सावध व्हा. जाणकार आधी तुम्हालाच विचारेल, घरात तापमान किती असते? एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते, लागरला ८ ते १३ अंशांचा गारवा लागतो. जादा फ्रीज नसेल, तर तो एलच सुचवेल.

३. बाटल्या कधी भरायच्या?
‘आठवड्याने भरा’ हे अर्धवट उत्तर. हायड्रोमीटरचे रीडिंग सलग दोन-तीन दिवस तेच आले, की भरायच्या. आंबण्याची क्रिया अपुरी असताना बाटली बंद केली किंवा साखर जास्त पडली, तर वायूच्या दाबाने काच फुटून इजा होऊ शकते.

हे लक्षात ठेवा : महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे.