ताण आणि छाटणी : भूमध्य फळांचे मराठवाड्यातील शास्त्र

भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांनी जगाला जी फळशेती दिली तिच्यात द्राक्ष, अंजीर, डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळे प्रमुख होत. यांतील डाळिंब इराणच्या बाजूने आणि लिंबूवर्गीय झाडे आशियातून तिकडे गेलेली असली, तरी त्यांची लागवड, छाटणी आणि द्राक्षाच्या बाबतीत वाईन तयार करण्याची विद्या यांना शास्त्राचे रूप मुख्यतः त्याच किनाऱ्यांवर आले. त्या प्रदेशाचे हवामान एका साध्या सूत्रात सांगता येते : पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. द्राक्षवेल थंडीत पाने झाडून निद्रिस्त होते, पावसाचे पाणी तेवढ्या काळात जमिनीत मुरते आणि वसंतात जाग आलेली वेल त्या ओलाव्यावर वाढून कोरड्या उन्हात फळ पिकवते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत हे सारे चक्र उलटे आहे. येथे पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, हिवाळा कोरडा असतो आणि वेलीला झोप यावी इतकी थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे स्वतःच्या स्वाधीन सोडलेली वेल बारमाही हिरवी राहते, वाढत जाते आणि फळ देण्याच्या बाबतीत मात्र बेभरवशाची होते. म्हणूनच मराठवाड्यातील द्राक्ष, डाळिंब आणि मोसंबी यांचे संशोधन मुळात विश्रांतीचे संशोधन आहे. निसर्गाने न दिलेली विश्रांती झाडाला केव्हा, कशी आणि किती द्यावी, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रश्नाची जाण आजची नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद करून ठेवली आहे. मोरोक्कोच्या तांजियर शहरात जन्मलेल्या या प्रवाशाला द्राक्षाचा एकच हंगाम परिचयाचा असणार, तेव्हा त्याला या दुहेरी बहराचे आश्चर्य वाटले हे स्वाभाविकच होते. पुढे निजामाच्या राजवटीत, ज्या हैदराबाद संस्थानात नांदेड आणि लातूर दोन्ही मोडत होते, त्या संस्थानाच्या राजधानीत अब्दुल बाकर खान यांनी 1890 च्या सुमारास आपल्या परसात ‘अनाब-ए-शाही’ ही मोठ्या, बियांच्या, पांढऱ्या मण्यांची जात लावली आणि दख्खनच्या व्यापारी द्राक्षशेतीचा एक मोठा टप्पा तेथून सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रात त्याच प्रकारचे काम पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत जी. एस. चीमा यांच्या हातून झाले. त्यांनी आळंदीच्या डाळिंबातून 1936 मध्ये निवडलेला वाण पुढे ‘गणेश’ या नावाने राज्यभर पसरला. मराठवाड्याच्या फळशेतीला हैदराबाद आणि पुणे असे दोन वारसे लाभले, आणि ते 1972 मध्ये परभणी येथे स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात एकत्र आले. या विद्यापीठाला आता वसंतराव नाईक यांचे नाव आहे. द्राक्षापुरते राष्ट्रीय पातळीवरचे काम मात्र पुण्याजवळ मांजरी येथे 1997 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आहे आणि लातूर-धाराशिव पट्ट्यातील बागायतदारांचे लक्षही त्याच केंद्राच्या शिफारशींकडे असते.

द्राक्षवेलीला विश्रांती देण्याचे येथील साधन म्हणजे कात्री. महाराष्ट्रात वेल वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलमध्ये होणाऱ्या पहिल्या छाटणीला खरड छाटणी म्हणतात. तिच्यात मांडवावर आडव्या धरलेल्या ओलांड्यांवरील सर्व काड्या एक-दोन डोळे ठेवून खरडून काढल्या जातात आणि नव्या फुटींपासून पुढच्या वर्षाची काडी घडवली जाते. या काळात वेलीवर फळ नसते, पण पुढे येणाऱ्या फळाचा निर्णय याच काळात होतो, कारण छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या टप्प्यात काडीवरच्या डोळ्याच्या आत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. बागायतदार यालाच सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. या टप्प्यात डोळ्यावर भरपूर सूर्यप्रकाश पडला आणि वेलीची वाढ आटोक्यात राहिली तर अंकुराचा घड होतो. आभाळ झाकोळलेले राहिले किंवा नत्र आणि पाणी जास्त झाल्याने फुटी माजल्या तर त्याच अंकुरापासून बाळी, म्हणजे वेलीला आधार देणारा ताणा, निघते आणि काडी वांझ जाते. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, म्हणजे फळछाटणी होते. तिला गोडी छाटणी असेही म्हणतात. तिच्यात घड असलेले डोळे राखून काडीचा शेंडा काढला जातो आणि थंडीअभावी डोळे एकसारखे फुटत नाहीत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. हे रसायन एका अर्थाने न पडलेल्या हिवाळ्याची भरपाई करते. तेथून चार-साडेचार महिन्यांत, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, घड काढणीस येतो. भूमध्य प्रदेशातला कोरडा उन्हाळा दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यात शोधून काढणे, हे या दुहेरी छाटणीचे खरे कर्तृत्व आहे, आणि दख्खनच्या शेतीने केलेल्या मोठ्या शोधांमध्ये तिची गणना व्हायला हवी.

वाढ आटोक्यात ठेवण्याच्या याच गरजेतून एक संकटही उद्भवले. खरड छाटणीनंतर फुटींचा जोर कमी करून घडनिर्मिती वाढवण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक वापरले जाई. बागायतदार त्याला सीसीसी या नावाने ओळखतात. फळ वेलीवर येण्याच्या कित्येक महिने आधी वापरलेले हे द्रव्य वेलीच्या लाकडात साठून राहते आणि पुढच्या हंगामाच्या मण्यांत उतरते, ही गोष्ट 2010 मध्ये युरोपीय बाजारात त्याचे अंश सापडून भारतीय द्राक्षांची खेप अडवली गेली तेव्हा साऱ्या राज्याला कळली. निर्यातीची द्राक्षे तपासण्याची राष्ट्रीय पातळीवरची संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्याच केंद्रात असल्याने, झालेल्या नुकसानीचे शास्त्रीय कारण शोधण्याची जबाबदारीही त्या केंद्राच्या कामाशी जोडली गेली. एप्रिलमधील एका फवारणीचा परिणाम पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये परदेशातल्या बंदरावर दिसतो, हे या घटनेने शिकवले. द्राक्षवेलीचे वर्ष पंचांगाच्या वर्षात मावत नाही, आणि संशोधनाचा आराखडा एका हंगामापुरता आखला तर तो अपुरा पडतो.

छाटणीइतकाच महत्त्वाचा दुसरा विषय म्हणजे खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वेलीचे कलम बांधले जाते ते झाड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांचे सहकारी यांनी 1868 मध्ये या किडीची ओळख पटवली, आणि त्यानंतर अमेरिकी रानवेलींच्या मुळांवर युरोपीय वेलीची कलमे बांधून युरोपातील द्राक्षशेती पुन्हा उभी राहिली. त्या काळात फ्रान्समध्ये रिश्टर यांनी आणि सिसिलीत पाउल्सेन व रुजेरी यांनी तयार केलेले संकरित खुंट आज 110 आर, 1103 पी आणि 140 आरयू या नावांनी महाराष्ट्रातील प्रयोगांतही दिसतात. येथे मात्र त्यांचा उपयोग किडीसाठी नसून क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी आहे. डॉगरिज हा महाराष्ट्रात सर्वाधिक पसरलेला खुंट खारवट पाण्यावर आणि कोरड्या जमिनीत तग धरतो म्हणून स्वीकारला गेला. तो वेलीला इतका जोर देतो की भारी जमिनीत घडनिर्मितीवरच परिणाम होतो, त्यामुळे मध्यम जोर देणाऱ्या 110 आर खुंटाचा अभ्यास वाढला आहे. लातूरच्या काळ्या, चुनखडीयुक्त आणि पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत खुंटाची निवड हा जातीच्या निवडीपेक्षाही आधी सोडवायचा प्रश्न ठरतो.

डाळिंब आणि मोसंबी यांच्या बाबतीत कात्रीचे काम पाणी करते, किंवा अधिक नेमके सांगायचे तर पाण्याचा अभाव करतो. बागेचे पाणी काही आठवडे तोडून झाडाची पाने पिवळी पडू द्यायची, वाढ थांबवायची आणि मग पाणी सोडून सगळा फुलोरा एकदम आणायचा, या पद्धतीला ताण देणे म्हणतात. फुलोरा कोणत्या काळात घ्यायचा त्यानुसार आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर असे तीन बहर मानले जातात. सिसिलीत, पालेर्मोच्या परिसरात, लिंबाच्या बागांना भर उन्हाळ्यात ताण देऊन पुढच्या उन्हाळ्यात हिरवी लिंबे घेण्याची ‘फोर्झातुरा’ नावाची रीत एकोणिसाव्या शतकापासून प्रचलित आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन कोरडवाहू प्रदेशांनी झाडाच्या एकाच स्वभावाचा उपयोग करून घेतला, हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण साम्य आहे. ताण म्हणजे तहान नव्हे. ताणाची मुदत ठरलेली असते आणि तो संपल्यावर पाणी हाती असावे लागते.

मराठवाड्याची खरी अडचण येथेच सुरू होते. भूमध्य प्रदेशातील वेल मुरलेल्या हिवाळी पावसावर वाढीला लागते, तर येथील वेलीची पायाभूत वाढ खरड छाटणीमुळे एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरी आणि धरणे सर्वांत रिकामी असताना होते. मांजरा धरण आटल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि 12 एप्रिल 2016 रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी पोहोचली, तो नेमका खरड छाटणीचा महिना होता. अशा वर्षी ताण किती द्यायचा हे बागायतदाराच्या हाती उरत नाही. दुष्काळच तो देतो, आणि तो मुदत पाळत नाही. ठिबक सिंचन, बोदांवर पाचटाचे आच्छादन, मुळांच्या कक्षेत जमिनीखाली पाणी सोडण्याच्या पद्धती आणि वेलीच्या अवस्थेनुसार पाण्याची मात्रा कमी-जास्त करणे, या विषयांवरील मांजरीच्या संशोधनाची सर्वांत मोठी कसोटी म्हणूनच नाशिकपेक्षा लातूर-धाराशिवच्या शिवारात लागते.

वाईनचा विचार याच पार्श्वभूमीवर करावा लागतो. द्राक्षरसातील साखरेचे यीस्टच्या, म्हणजे किण्वाच्या, साहाय्याने अल्कोहोलमध्ये रूपांतर होणे ही मूळ क्रिया सोपी आहे; गुणवत्ता ठरते ती काढणीच्या वेळी साखर, आम्ल, रंग आणि सुगंधद्रव्ये यांच्यात असलेल्या तोलावर. मणी पिकताना उष्णता जास्त असेल तर वेल श्वसनासाठी मण्यातील मॅलिक आम्ल वेगाने खर्च करते, साखर चढते, आम्लता घसरते आणि वाईन बेचव व लवकर बिघडणारी होते. जमिनीत पोटॅशियम भरपूर असेल, आणि काळ्या जमिनीत ते असतेच, तर रसातील टार्टारिक आम्लाचा काही भाग पोटॅशियमशी संयोग पावून क्षाराच्या रूपात खाली बसतो व आम्लता आणखी घटते. कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंक्लर यांनी 1944 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात 10 अंश सेल्सिअसच्या वरच्या दैनिक सरासरी तापमानाची एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले आहेत. त्या हिशेबाने मराठवाडा सर्वांत उष्ण वर्गाच्याही पलीकडे जातो, परंतु येथील फळ ऑक्टोबर ते मार्च या काळात वाढते, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल. दख्खनसाठी वेगळी मोजणी हवी, आणि तिच्यात उंचीला स्थान हवे. बालाघाटच्या पठारावरील लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर आहे, म्हणजे नाशिकच्या जवळपास, तर गोदाकाठचे नांदेड सुमारे 360 मीटरवर आहे. उंचीमागे तापमान घटण्याच्या सर्वसाधारण प्रमाणाने पाहता केवळ एवढ्या फरकामुळे नांदेड सुमारे पावणेदोन अंशांनी अधिक उष्ण ठरते. मणी पिकण्याच्या काळात एवढा फरक वाईनच्या आम्लतेवर परिणाम करण्यास पुरेसा असतो.

राज्याने 2001 मध्ये वाईन उद्योगासाठी धोरण आखले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारले. मराठवाड्याच्या वाट्याला असे पार्क आले नाही. 2008 नंतरच्या मंदीत मागणी कोसळल्यावर नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती उपटून टाकल्या, हे पाहता लातूरच्या बागायतदाराने ताज्या द्राक्षांवर आणि बेदाण्यावर भिस्त ठेवली, यात शहाणपणच होते. वाईनचे द्राक्ष कारखान्याशिवाय कोठेच विकले जात नाही, तर खाण्याच्या द्राक्षाला निदान बाजारपेठ तरी असते.

पण द्राक्षरसाचे संशोधन वाईनपुरते मर्यादित नाही, आणि मराठवाड्याला अधिक उपयोगी भाग बहुधा हाच आहे. मांजरीच्या केंद्राने ‘पुसा नवरंग’ आणि ‘फ्लेम सीडलेस’ यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ ही जात तयार केली. तिच्या मण्याची सालच नव्हे तर गरही गडद रंगाचा असतो, त्यामुळे रसात अँथोसायनिन या रंगद्रव्याचे प्रमाण मोठे असते आणि रस काढल्यावर उरणारा चोथाही खाद्यपदार्थांत वापरता येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी ‘कटावबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून काढलेली ‘एआरआय-516’ ही जात बुरशीजन्य रोगांना बरीच प्रतिकारक, लवकर पिकणारी आणि रस, जॅम व लाल वाईन अशा अनेक उपयोगांची आहे. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीने आणि 2019 च्या परतीच्या पावसाने ज्या भागातील बागा झोडपल्या, तेथे लवकर काढणीस येणारी, फवारण्या कमी लागणारी आणि डाग पडला तरी रसासाठी विकता येणारी जात हा चैनीचा विषय राहत नाही. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय, लातूरचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आणि मांजरीचे केंद्र यांनी या दोन जाती औसा-निलंग्याच्या चुनखडीच्या जमिनीत वेगवेगळ्या खुंटांवर लावून, त्यांच्या रसातील साखर, आम्ल आणि पोटॅशियम यांच्या नोंदी सलग पाच-सहा हंगाम, त्यात एखादे दुष्काळाचे वर्षही धरून, ठेवल्या, तर खरड छाटणी कोणत्या आठवड्यात घ्यावी आणि पाणी केव्हा तोडावे याचे उत्तर बागायतदाराला नाशिकच्या अनुभवावरून अंदाजाने नव्हे, तर स्वतःच्या जमिनीच्या आकड्यांवरून देता येईल.