लांब्रुस्को: एका चुकलेल्या निवाड्याची गोष्ट

मित्रहो, गेल्या वेळी आपण ह्यूमचा रुचीच्या प्रमाणाबद्दलचा १७५७ सालचा निबंध पाहिला. त्यातली पिंपाची गोष्ट आठवत असेल. दोघं जण एकच वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामडं जाणवतं, दुसऱ्याला लोखंड. लोक हसतात. पण पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडते. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली, आणि स्वतः मात्र एका वाइनच्या बाबतीत साफ चुकलो. आज त्या चुकीबद्दल बोलतो. जे वाइन घेत नाहीत त्यांनीही ऐकावं, कारण मुद्दा निवाड्याचा आहे.

ती वाइन म्हणजे लांब्रुस्को. उत्तर इटलीत मोदेना, रेज्जो एमिलिया आणि पार्मा या शहरांच्या परिसरात होते. रंगाने लाल, आणि तरी फसफसणारी! १९७० आणि ८०च्या दशकांत अमेरिकेत तिचा गोड प्रकार तुफान खपला. तिथेच एका स्नेह्यांच्या घरी मी ती प्यायलो आणि म्हटलं, "ही वाइन नव्हे, सरबत आहे." विषय संपला.

पुढे एका परिषदेसाठी बोलोन्याला गेलो. यजमानांनी लांब्रुस्कोची बाटली काढली, तेव्हा मी नम्रपणे नको म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. समोर मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं चरबीचे पांढरे ठिपके असलेलं सॉसेज, आणि पार्मिज्यानो चीज ठेवलं. म्हणाले, "आधी हे खा, मग एक घोट घ्या, मग बोला."

घोट घेतला. गोडवा जवळजवळ नाहीच! लख्ख आंबटपणा, किंचित तुरटपणा आणि बुडबुडे. तोंडातला तेलकटपणा धुऊन निघाला आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला.

आता यामागचं कारण बघा. त्या भागाचं जेवण जड. डुकराची चरबी, लोणी, चीज, तळलेली पोळी. आंबटपणा लाळ सुटायला मदत करतो, बुडबुडे जीभ हलकी करतात, तुरटपणा स्निग्धतेला आवर घालतो. तळलेल्या माशाबरोबर आपल्याला सोलकढी का हवीशी वाटते? तर्क तोच.

बुडबुडे येतात ते दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. जुन्या रीतीत हे बाटलीतच घडतं. आज बहुतेक ठिकाणी दाब सहन करणाऱ्या बंद टाक्यांत घडवतात.

शिवाय लांब्रुस्को हे एकाच द्राक्षाचं नाव नाही, ते एक कुटुंब आहे. सोर्बारा फिकट, गुलाबीकडे झुकणारी आणि धारदार आंबट. ग्रास्पारोस्सा गडद आणि तुरट. सालामिनो साधारण या दोहोंच्या मधली. गंमत म्हणजे सोर्बाराच्या वेलीला स्वतःच्या परागांवर फळ नीट धरत नाही, म्हणून शेजारी बहुधा सालामिनो लावतात!

बाटलीवर 'सेक्को' असेल तर कोरडी, 'आमाबिले' म्हणजे मध्यम गोड, 'दोल्चे' म्हणजे गोड. प्यायची थंडच, साधारण १० ते १४ अंशांवर. आपल्या तिखट जेवणाबरोबर आमाबिले घेऊन बघा; थोडा गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. तुपकट, तळलेल्या पदार्थांना मात्र सेक्कोच.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली? अमेरिकेतली ती बाटली गोड होती, हे खरंच होतं. माझी जीभ खोटं बोलली नाही. पण एका बाटलीवरून मी साऱ्या कुटुंबाचा निकाल लावला, ही पहिली चूक. आणि जेवणासाठी घडलेली गोष्ट जेवणाविना तपासली, ही दुसरी. ह्यूम चांगल्या परीक्षकाकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहमुक्तता मागतो. माझ्याजवळ तुलनेला काही नव्हतं, आणि पूर्वग्रह भरपूर होता.

वाइनच्या बाबतीत ही चूक स्वस्तात सुटली. माणसांच्या बाबतीत आपण असे किती निकाल देऊन बसलो आहोत, ते घरी जाऊन ज्याचं त्याने मोजावं. मीही मोजतो आहे.

चला, आता प्रश्न घेऊ.