सोळाशे नॅनोटेस्ला

फ्रिजच्या दारावर वाण्याची यादी धरून ठेवणाऱ्या चुंबकाची ताकद साधारण 50 लाख नॅनोटेस्ला असते. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व अचानक घसरलं, ते सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी. म्हणजे त्या बापड्या चुंबकाचा तीन हजारावा हिस्सा! तरी माणसाने डोळ्यांनी वाचून, हाताने लिहिलेली ही नोंद सौरवादळांचे अभ्यासक आजही पुन्हापुन्हा उघडतात.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला होता. तिथून सुटलेला तप्त वायूचा लोट 15 कोटी किलोमीटर कापून साडेसतरा तासांत इथे पोचला. सेकंदाला सुमारे 2,400 किलोमीटर. या वेगाने मुंबई-नागपूर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत संपेल. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि निव्वळ आभाळातून उतरलेल्या विजेवर तारा पाठवल्या.

फ्रिजवरच्या चुंबकाचा जोर चार बोटांवर संपतो. सौरवादळ मात्र अख्ख्या पृथ्वीचं चुंबकत्व हलवतं. चुंबकत्व बदललं की जमिनीत वीज उपजते, किलोमीटरमागे साधारण एक-दोन व्होल्ट, टॉर्चच्या सेलएवढी. पण 1,000 किलोमीटरच्या वीजवाहिनीवर हेच सेल एकामागे एक लावल्यासारखे होतात. कॅनडातल्या क्विबेकमध्ये वाहिन्या लांबलचक, आणि खालचा प्राचीन कातळ वीज वाहू देत नाही, त्यामुळे ती तारांतच शिरते. तिथे 13 मार्च 1989 रोजी सगळी वीजव्यवस्था कोसळायला जेमतेम 90 सेकंद लागले. 60 लाख माणसं नऊ तास अंधारात!

प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूला या विजेची भीती नाही, असं वाटतं खरं. पण समुद्राखालच्या इंटरनेट केबलमध्ये प्रकाशाला दर 50 ते 100 किलोमीटरवर नवा जोर द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्या यंत्रांना वीज पुरवायला तंतूंभोवती तांब्याची नळी धावतेच. खंडाएवढी लांब.

कुलाब्याच्या सुईला शेवटी सूर्याने नाही, शहराने हुसकलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा प्रवाह नोंदी बिघडवणार, म्हणून 1904 मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. ती आजही नॅनोटेस्ला मोजते आहे.