उमेदवारी म्हणजे काय?

पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या सागवानी चौकटी न्याहाळणाऱ्या कित्येक पालकांचा असा समज असतो की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची सनद हाती पडली म्हणजे मुलाचे शिक्षण पुरे झाले. वस्तुतः त्यापुढची पायरी उमेदवारी (करारान्वये प्रत्यक्ष कामावर राहून घेतलेले शिक्षण) ही होय. रामकुंडाच्या काठावर हातपाय कसे मारावेत हे कळते, पोहणे मात्र पाण्यातच येते; तद्वत पटाशीने खाच कोरणे संस्थेत साधते, परंतु पावसाळ्यात फुगून अडणाऱ्या दारावर रंधा कोठे आणि किती चालवावा, हे राहत्या घरातील कामावरच उमगते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये उमेदवार हा विद्यावेतनाचा हक्कदार असा शिकाऊ आहे, मजूर नव्हे. त्याला नुसत्या फळ्या वाहावयास लावणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे.